सोसायटीच्या हॉलमध्ये मूकपट: ‘द जनरल’ लावावा की ‘द गोल्ड रश’?

ठाण्याच्या घोडबंदर रोडच्या बहुतेक मोठ्या सोसायट्यांत क्लबहाऊस असतं, प्रोजेक्टरही मिळतो. अडतं ते शनिवारी काय दाखवायचं यावर. मूकपट लावायचं ठरलंच, तर बस्टर कीटनचा ‘द जनरल’ आणि चार्ली चॅप्लिनचा ‘द गोल्ड रश’ ही दोन नावं हमखास पुढे येतात. दोन्ही थोर आहेत आणि दोघांतही खोट आहे. निवड त्या खोटीवरूनच करावी: ती तुमच्या प्रेक्षकांपैकी कोणाला खटकेल, आणि खटकली तर चालेल का.

‘द जनरल’ अमेरिकेत १९२७ साली लागला आणि पडला. मूळ घटना १८६२ ची, म्हणजे बोरीबंदरहून पहिली प्रवासी गाडी ठाण्याला आली त्यानंतर नऊच वर्षांनी घडलेली. अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेचे हेर जॉर्जियातून दक्षिणेचं इंजिन पळवतात. पडद्यावर ते परत आणायला एकटा ड्रायव्हर मागे लागतो. रेल्वेवाल्यांच्या घरात वाढलेल्यांनी हा चित्रपट चुकवू नये, कारण यातला विनोद यंत्रातून निघतो. रुळावर आडवं पडलेलं स्लीपर, म्हणजे रुळांखाली घालतात तो लाकडी ओंडका, दिसतं. कीटन इंजिनाच्या पुढच्या जाळीवर बसलेला, आणि त्याच्याही कुशीत एक अवजड स्लीपर. हातातलं स्लीपर तो रुळावरच्या स्लीपरच्या टोकावर नेमकं आपटतो आणि दोन्ही उडून बाजूला पडतात. नेम चुकला असता तर गाडी घसरली असती. त्याआधी, मुलीने झिडकारल्यावर तो चाकांना जोडणाऱ्या दांड्यावर खिन्न बसतो. इंजिन हलतं, दांड्याबरोबर तो वर-खाली होत शेडमध्ये शिरतो, पण त्याला पत्ताच नसतो. तिथे वाफ जरा जास्त सोडली गेली असती तर चाकं जागच्या जागी गरगरून तो फेकला गेला असता. जळत्या पुलावरून नदीत कोसळतं ते इंजिनही खरंच, मॉडेल नव्हे.

आता खोट. नायक दक्षिणेच्या बाजूचा. ती राज्यं गुलामगिरी टिकवायला लढत होती, आणि चित्रपटात गुलामगिरीचा उच्चारही नाही. प्रत्यक्षात पकडल्या गेलेल्या हेरांपैकी म्होरक्या अँड्र्यूज आणि आणखी सात जण फासावर गेले. इथे ते नुसते खलनायक आहेत. शेवटच्या लढाईत माणसं मरत असताना विनोद चालू राहतो, आणि नायिकेला पोत्यात कोंबून सामानासारखं टाकलं जातं. हे झाकू नये. सुरुवातीला दोन मिनिटं युद्धाची पार्श्वभूमी सांगितली की कॉलेजची मुलं पुढचा वाद स्वतःच घालतात.

‘द गोल्ड रश’ची खोट निराळी, कथेतली. सोनं शोधायला निघालेला चार्ली बर्फात अडकतो ते केबिनमधले प्रसंग आणि नाचघरातल्या जॉर्जिया नावाच्या मुलीशी प्रेमकथा असे दोन चित्रपट एकत्र शिवल्यासारखे वाटतात. जॉर्जियाचं मन नेमकं कधी पालटतं, ते पटत नाही. कड्यावर डुलणारी केबिन बाहेरून छोटं मॉडेल आहे हेही लपत नाही. पण लहान मुलांना यातलं काहीच खटकत नाही. चार्ली बूट उकडून खातो, खिळे हाडांसारखे चोखतो, नाडी नूडल्ससारखी गुंडाळतो, आणि सगळं खानदानी शिस्तीत! (तो बूट ज्येष्ठमधापासून केलेला होता.) केबिनमधल्या भुकेल्या सोबत्याला, बिग जिमला, समोर चार्लीऐवजी भलामोठा कोंबडा दिसू लागतो तेव्हा पाच वर्षांचं पोरही हसतं.

खरी गोम आवृत्तीची आहे. १९२५ ची मूळ आवृत्ती साधारण दीड तासाची. १९४२ मध्ये चॅप्लिनने मधूनमधून येणाऱ्या मजकुराच्या पाट्या काढून स्वतःच्या आवाजात निवेदन घातलं, संगीत दिलं, शेवटचं चुंबन काढलं आणि लांबी ७२ मिनिटांवर आणली. जॉर्जियाच्या चिठ्ठीचा प्रसंगही बदलला: मुळात ती चार्लीचा प्रतिस्पर्धी जॅक याला लिहिलेली असते आणि तो थट्टा म्हणून चार्लीकडे पाठवतो, नव्या आवृत्तीत ती चार्लीलाच लिहिलेली. म्हणजे जॉर्जिया जास्त चांगली ठरते आणि चार्लीची फजिती बोथट होते. शिवाय डोळ्यांना दिसतंय तेच निवेदक कानात सांगत राहतो. आपल्या हॉलसाठी आणखी एक अडचण: त्या इंग्रजी निवेदनावर मराठीत बोलता येत नाही. १९२५ ची लावली तर पाटी आली की कोणीतरी माईकवर मराठीत वाचून दाखवू शकतं. वाक्य आठ-दहा शब्दांतच बसवावं, नाहीतर पुढचा विनोद शब्दांखाली चिरडतो. ‘द जनरल’लाही हाच उपाय.

प्रत निवडताना फुकटच्या धूसर कॉप्या टाळा. ‘गोल्ड रश’ची परीक्षा सोपी आहे: सुरुवातीला बर्फाळ खिंड चढणाऱ्यांची रांग दिसते, तिथे माणसं सुटी दिसली पाहिजेत, नुसती काळी रेघ दिसली तर दुसरी प्रत शोधा. चित्रपट जुना असला तरी नव्याने दुरुस्त केलेल्या प्रतीवर आणि नव्या संगीतावर कोणाचा तरी हक्क असू शकतो, म्हणून जाहीर खेळाआधी परवानगीचं बघून घ्या. चित्र जवळजवळ चौकोनी आहे. पडदाभर ताणलं तर माणसं बुटकी-जाडी होतात, आणि झूम केलं तर डोकी नाहीतर पाय कापले जातात. टीव्हीवर दाखवणार असाल तर हालचाल गुळगुळीत करणारं सेटिंग बंद करा.

प्रेक्षकांत दहा वर्षांखालची मुलं जास्त असतील तर १९२५ चा ‘गोल्ड रश’. बाकी ठाण्यात एकच संध्याकाळ हाताशी असेल तर आमचं मत ‘जनरल’ला, खोटीसकट. तो सव्वा तासाच्या आसपास संपतो, त्यामुळे साडेआठला सुरू केला तरी उशिराच्या लोकलने येणाऱ्यांना निम्मा तरी सापडतो.