पैशाचा घोळ: कमिटीत मिटवायचा की धर्मादायला न्यायचा?

ख्रिस्ती मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या पैशात पुढाऱ्याचाच हात सापडला की कमिटीपुढे दोन वाटा असतात. चार भिंतींत मिटवायचं, नाहीतर धर्मादाय आयुक्तांकडे अर्ज करायचा. मी या दोन्ही वाटा चाललोय, वेगवेगळ्या गावांत आणि वेगवेगळ्या मंडळ्यांत.

पहिल्या वेळी कापणीच्या सणाच्या लिलावाचे पैसे होते. एक अंडं चारशेला गेलं, कोंबडा दोन हजारांना, टाळ्याही पडल्या. पण लोकांकडच्या पावत्या आणि वहीतली जमा काही जुळेना. आम्ही तिघं पाळकसाहेबांच्या (पास्टरांच्या) घरी गेलो. साहेब रडले. पाळकीणबाई चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबल्या होत्या, आत येईनात. हप्ते बांधून दिले, दहा महिन्यांत बहुतेक रक्कम परत आली. हे खरंच मोठं काम झालं. कोर्टाच्या वाटेने इतके पैसे इतक्या लवकर परत येताना मी तरी पाहिले नाहीत. मुलांची शाळा सुटली नाही, मंडळी फुटली नाही.

मग कुठे बिनसलं? आम्ही ठराव केला होता की ही गोष्ट कमिटीबाहेर जाणार नाही. साहेबांची बदली झाली, शाल-श्रीफळ दिलं, फोटो काढला. दीड वर्षाने त्यांच्या नव्या मंडळीतल्या एका वडीलजनांचा (एल्डरचा) फोन आला. "भाऊ, साहेब तुमच्याकडे होते ना? हिशेबाला कसे होते?" ठरावावर माझी सही होती. मी म्हणालो, "प्रवचन चांगलं करतात." पलीकडे जरा वेळ शांतता. मग "बरं," म्हणून त्यांनी फोन ठेवला. ते समजायचं ते समजले असतील किंवा नसतीलही. मला मात्र तो फोन अजून छळतो.

गप्प बसण्याच्या बाजूने बायबलातला मत्तयाचा १८ वा अध्याय हमखास पुढे केला जातो. आधी एकट्याने जाऊन बोला, मग एक-दोघांना घेऊन जा. पण तिथे तिसरी पायरीही आहे: मंडळीला सांगा. आमच्या कमिट्या दुसऱ्या पायरीवरच प्रार्थना करून उठतात. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या सहाव्या अध्यायातला, आपली भांडणं बाहेरच्या न्यायासनापुढे नेऊ नका, हा मुद्दा जास्त वजनदार वाटतो, तो मी उडवून लावणार नाही. फक्त अर्पणाचे पैसे म्हणजे दोन भावांमधलं भांडण आहे का, एवढाच प्रश्न आहे.

दुसऱ्या वेळी हात सापडला तो मंडळीच्या सचिवांचा आणि ते विश्वस्तही होते, त्यामुळे धर्मादायची वाट मोकळी होती. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० चं कलम ४१ड विश्वस्ताला निलंबित करण्याचं किंवा काढण्याचं आहे. पाळक नुसता पगारी असेल तर ते लागू पडत नाही, मग पोलीस तक्रारीची वाट उरते. मिशनची जमीन विकल्याचं प्रकरण असेल तर कलम ३६ ची पूर्वपरवानगी होती का, ते पहिल्यांदा बघा.

त्रास भरपूर. तारखा, वकिलाची फी (ती आम्ही खिशातून भरली, अर्पणातून नाही), बाकांचे दोन तट, नाताळात कॅरोलच्या दोन टोळ्या. त्यात चेंज रिपोर्टवर (विश्वस्त बदलल्याची धर्मादायकडे द्यायची नोंद) हरकत आली की विश्वस्त नक्की कोण, हाच वाद वर्षभर चालतो. सिंगापूरच्या सिटी हार्वेस्ट चर्चचं पाहा. चर्चच्या सुमारे पाच कोटी सिंगापूर डॉलरच्या गैरवापराचं प्रकरण. चौकशी २०१० ला सुरू, शिक्षा २०१५ ला, आणि अपिलात मुख्य पाळकाची आठ वर्षांची शिक्षा साडेतीनवर आली ती २०१७ ला. तिथे एवढा वेळ लागतो, तर आपण काय घेऊन बसलो.

पैसे म्हणाल तर आमच्या हाती अजून फारसे आलेले नाहीत. पण मध्यंतरी त्या सचिवांबद्दल एका संस्थेतून फोन आला, तेव्हा मी फक्त अर्जाचा नंबर सांगितला. जाऊन बघा म्हटलं.

रक्कम लहान असेल, माणूस पकडला जायच्या आधी आपणहून आला असेल आणि रविवारी मंडळीपुढे उभं राहून सांगायला तयार असेल, तर घरात मिटवायला माझी हरकत नाही. या तिन्ही गोष्टी एकत्र जुळलेल्या मी पाहिल्या नाहीत, तुमच्याकडे जुळतीलही.

अर्ज करायचं ठरलं तर एक करा. कुणाला काही बोलायच्या आधी सगळ्या पावतीपुस्तकांचे फोटो काढून ठेवा. आमचं एक पुस्तक नेमकं त्याच आठवड्यात उंदरांनी खाल्लं, असं आम्हाला सांगण्यात आलं. शेजारची गीतांची पुस्तकं तशीच होती.