ओट्यावर बसायचंय, निळा दिवा घ्यावा, कॉइल लावावी की पंखा?

पावसाळ्यात संध्याकाळी डासांमुळे ओट्यावर किंवा गच्चीत पाच मिनिटं बसणं अवघड होतं. घरातलं लिक्विडचं मशीन बाहेर लावून उपयोग नाही, त्याची वाफ वाऱ्याबरोबर निघून जाते.

दुकानात आधी नजर जाते ती उजेडाने किडे ओढून विजेने मारणाऱ्या निळ्या दिव्याच्या यंत्राकडे. मीही आणलं होतं. रात्रभर तडतड चालायची आणि सकाळी ट्रे भरलेला असायचा. पण त्यात पतंग, पाखरं, भुंगे. डास आमच्या पायांनाच चावत होते. याचं कारण साधं आहे. डास माणसाला शोधतो तो श्वासातला कार्बन डायऑक्साइड, घामाचा वास आणि अंगाची ऊब यांवरून; उजेडाचं त्याला तेवढं वेड नाही. अमेरिकेत डेलावेअर राज्यात घरांच्या आवारात लावलेल्या अशा यंत्रांतले किडे संशोधकांनी मोजले. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात १३,७८९ किड्यांपैकी चावणारे निघाले फक्त ३१. बाकीच्यांत निरुपद्रवी, उलट बागेच्या उपयोगाचे किडे बरेच होते. म्हणून निळा दिवा घेऊच नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

कॉइल स्वस्त आणि वीज नसतानाही चालणारी. वारा पडलेला असेल तर थोडा फरक पडतो, वारा सुटला की धूर भलतीकडेच. शिवाय बंद खोलीत जळणाऱ्या एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण निघतात, असं २००३ च्या एका अभ्यासात आढळलं. घरात कुणाला दमा असेल तर उघड्यावरही ती जवळ ठेवू नये. सिट्रोनेलाच्या (एका सुगंधी गवताच्या तेलाच्या) मेणबत्त्या वासाला छान, परिणाम जेमतेम. आपल्याला ऐकू न येणारा आवाज काढून डास पळवतो म्हणणाऱ्या अल्ट्रासॉनिक यंत्रांवर तर पैसे घालवूच नका.

माझी पसंती टेबल फॅनला. डास उडायला कमजोर असतो, जोराच्या वाऱ्यात त्याला नीट बसता येत नाही; आपल्या श्वासाचा आणि घामाचा मागही पांगतो. फक्त पंखा तोंडावर न धरता खाली, पायांकडे वळवा. डेंग्यूचा एडिस डास बऱ्याचदा घोट्यालाच चावतो.

प्लग नसेल, शेतावर किंवा बागेत फिरायचं असेल, तर अंगाला लावायचं क्रीम. डब्यावर डीईईटी (DEET) किंवा पिकारिडिन या डास दूर ठेवणाऱ्या औषधाचं नाव आहे का ते बघा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला डीईईटी लावू नये. लेमन युकॅलिप्टस तेलाचं क्रीम तीन वर्षांखालच्या मुलांना नको. सनस्क्रीन लावायचं असेल तर आधी ते, मग हे. एडिस दिवसा चावतो, त्यामुळे सकाळी झाडांना पाणी घालतानाही क्रीम लागतं.

यातलं काहीही घ्या, कुंड्यांखालच्या ताटल्या आणि पिंप आठवड्यातून एकदा रिकामे करावेच लागतात. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. नुसतं पाणी ओतून भागत नाही. एडिसची अंडी भांड्याच्या आतल्या कडेला चिकटून कोरडीही काही महिने टिकतात, तेव्हा काथ्याने कडा खसखसून घासा.