विकतच्या पाण्याची बाटली परत भरायची की सरळ स्टीलची घ्यायची?

ठाणे स्टेशनवर घेतलेली पाण्याची बाटली आपल्याच्यानं फेकवत नाही, आठवडाभर तीच भरून ऑफिसला. बुडाला त्रिकोणात 1 असतो, म्हणजे पीईटी नावाचं प्लॅस्टिक, त्यात बीपीए (हार्मोन्समधे ढवळाढवळ करणारं रसायन) नसतं, ते पॉलीकार्बोनेट या कडक प्लॅस्टिकमधे असतं, त्यामुळे परत भरली की कॅन्सर हे व्हॉट्सअपवालं काही खरं नाही. खरा घोळ उष्णतेचा. घोडबंदरच्या ट्रॅफिकमधे डॅशबोर्डवर तापली की पाण्यात अँटिमनी (पीईटी बनवताना वापरलेलं, धातूसारखं मूलद्रव्य) जास्त उतरतं, बहुतेक वेळा सुरक्षित मर्यादेच्या आतच, पण मुद्दाम कशाला, आणि उकळतं पाणी ओतलंत तर आक्रसून वाकडीच होते. त्यात तोंड एवढुसं, ब्रश जाणार कुठून, आतून बुळबुळीत लागतं ना तो जंतूंचा थर, नुसतं खळबळून निघत नाही.

स्टीलची घ्यायची तर 304 ग्रेडची (खाण्यापिण्याच्या भांड्यांचं स्टेनलेस स्टील) आणि रुंद तोंडाची, गरम पाणीही चालतं. पण झाकणातली सिलिकॉनची रिंग कोणी काढून धुतंय का? काढून बघा, काळी बुरशी दिसेल (सॉरी, जेवताना वाचत असाल तर). जड असते आणि लोकलच्या रॅकवर विसरली की जीव जळतो, ते वेगळं.

मी तरी रोजच्याला स्टीलच म्हणेन, प्लॅस्टिकची एखाद दिवस येऊरच्या डोंगरावर नेताना भरा, चरे पडले की भंगारवाल्याला.