एक्सेल ज्याला हवं, त्यालाच: ऐच्छिक डिपेंडन्सी ठेवायची कुठे?

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यांसाठी आम्ही तिघं सुताचा हिशेब ठेवणारं छोटं पायथन सॉफ्टवेअर लिहितोय. कोड सगळ्यांसाठी खुला. काही कारखानदारांना एक्सेल लागतं, बाकीच्यांचं साध्या सीएसव्हीवर भागतं. मग ओपनपायएक्सेल, म्हणजे एक्सेल फाइल लिहिणारी पायथन लायब्ररी, ही डिपेंडन्सी (आपल्या कोडला लागणारं दुसऱ्याचं पॅकेज) कुणाच्या गळ्यात घालायची?

सगळ्यांच्याच, हा सोपा मार्ग. एकदा इन्स्टॉल झालं की कटकट मिटली. पण मागाच्या शेडमधला जुना कॉम्प्युटर आणि मोबाइलचा हॉटस्पॉट असला की न लागणारं प्रत्येक पॅकेज जड जातं.

लायब्ररीचा कोड आपल्याच रेपोत, म्हणजे आपल्या कोडच्या साठ्यात, कॉपी करणं हा दुसरा. पायथनची पॅकेजं बसवणारं खुद्द पिप हेच करतं, कारण इन्स्टॉलरला दुसरा इन्स्टॉलर कुठून मिळणार? आपण मात्र हे फक्त चिमुकल्या लायब्ररीसाठी करावं. तिच्यातल्या सुरक्षा-दुरुस्त्या मग आपल्यालाच ओढून आणाव्या लागतात.

एक्सेलपुरतं वेगळं प्लगइन (जोड-पॅकेज) दिसायला देखणं, पण दोन रिलीज आणि दोन आवृत्त्यांचा मेळ तिघांना झेपत नाही.

राहिले ‘एक्स्ट्रा’. पायप्रोजेक्ट फाइलमध्ये (पॅकेजची माहिती असते ती) ऐच्छिक पॅकेजांचा गट लिहायचा आणि इन्स्टॉल करताना चौकटी कंसात त्याचं नाव द्यायचं. पांडास या डेटा हाताळणाऱ्या लायब्ररीने २०२३ मध्ये २.० पासून हीच सोय दिली. आम्हीही हेच घेतलं, पण यात खड्डे आहेत. गटाचं नाव चुकलं तर पिप नुसती सूचना देऊन पुढे जातं, एक्सेलचं पॅकेज बसतच नाही; मग कारकुनाचा फोन येतो, “सर, लाल अक्षरं आल्यात की ओ!” म्हणून इम्पोर्ट (लायब्ररी कोडमध्ये आणणारी ओळ) फाइलच्या माथ्यावर नको, एक्सेल लिहिणाऱ्या फंक्शनच्या आत हवा. पॅकेज नसेल तर नेमकी कोणती कमांड चालवायची ते संदेशातच लिहा. सरसकट इम्पोर्टएरर (इम्पोर्ट फसल्याची कुठलीही चूक) मात्र गिळू नका; लायब्ररी आतून मोडली असली तरी ‘बसवलेली नाही’ असंच दिसेल. मॉड्यूलनॉटफाउंडएरर, म्हणजे ‘मॉड्यूल सापडलंच नाही’ ही चूक, पकडा आणि त्यातलं नाव तपासा.

ऐच्छिक गटातही आवृत्तीची मर्यादा लिहाच. पांडासमध्ये एक्सेल फाइल वाचणारं एक्सएलआरडी ऐच्छिकच होतं. डिसेंबर २०२० मध्ये त्याच्या २.० आवृत्तीने एक्सएलएसएक्स (एक्सेलच्या नव्या प्रकारच्या फाइल) वाचणं सोडलं, आणि चालत्या स्क्रिप्ट बंद पडल्या.

चाचण्या दोनदा चालवा: एकदा सगळं बसवून, एकदा ऐच्छिक काहीच न बसवता. आमच्या लॅपटॉपवर सगळंच असतं, त्यामुळे रिपोर्टच्या फाइलमध्ये वरच राहून गेलेला एक इम्पोर्ट तिघांपैकी कुणालाच दिसला नव्हता. दुसऱ्या फेरीने तो पहिल्याच दिवशी पकडला.