आठ महिने झाले, १०० नॅनोफॅरड आता एकाच ओळीत

पीसीबीच्या, म्हणजे सर्किट बोर्डाच्या, लायब्ररीतल्या पार्टची वर्णनं एका साच्यात बसवायचं काम आम्ही आठ महिन्यांपूर्वी हातात घेतलं. डिझाइन करणारे आम्ही चौघं, सर्किट आखायचं सॉफ्टवेअर कीकॅड, आणि त्याच्या मागे डेटाबेस लायब्ररी म्हणून एसक्यूलाइटची एक फाइल. ही सोय कीकॅड ७ मध्ये, म्हणजे २०२३ साली आली. त्याआधी प्रत्येकाची लायब्ररी वेगळी होती आणि प्रत्येकाला आपलीच बरोबर वाटायची.

सुरुवात झाली ती बोर्डावर पार्ट बसवून देणाऱ्या असेंब्लीवाल्यांच्या बिलावरून. एका बोर्डाच्या बीओएममध्ये, म्हणजे पार्टच्या यादीत, १०० नॅनोफॅरडचा एकच कपॅसिटर पाच ओळींत होता. कुणी १००एन लिहिलेलं, कुणी ०.१यूएफ, एकाने जुन्या डिस्क कपॅसिटरवर छापतात तसं नुसतं १०४. उरलेल्या दोन ओळी म्यूचं चिन्ह घातलेल्या, डोळ्यांना अगदी जुळ्या. त्या दोन ओळी वेगळ्या का धरल्या जातायत हे शोधण्यात माझी अख्खी दुपार गेली. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरसंचात, मायक्रोचं चिन्ह वेगळं आहे आणि ग्रीक अक्षर म्यू वेगळं. पडद्यावर फरक दिसत नाही, पण संगणकाच्या लेखी ती दोन निराळी अक्षरं. ओहमचं चिन्ह आणि ग्रीक ओमेगा यांचंही तेच. असेंब्लीत पाच ओळींसाठी पाच फीडर (मशीनला पार्ट पुरवणारे कप्पे) अडकले, बाकीच्या पार्टना फीडर पुरेनात, आणि बोर्ड मशीनवर दोनदा चढवायचे पैसे आमच्या माथी आले. चूक आमचीच, भांडणार कुणाशी?

पहिले दोन महिने आम्ही सरळ मार्ग धरला. दोन पानी नियम लिहिले, छापून भिंतीवर लावले आणि वर्णन हाताने टाइप करत राहिलो. साचा बरा होता: आधी पार्टचा प्रकार, मग किंमत (ओहम-फॅरडमधली, रुपयांतली नव्हे), व्होल्टेज, टॉलरन्स (किती टक्के कमीजास्त), डायइलेक्ट्रिक (कपॅसिटरमधला विद्युतरोधक पदार्थ), शेवटी पॅकेज (पार्टचा आकार). म्हणजे ‘कॅप, सिरॅमिक, १००एन, ५०व्ही, १०%, एक्स७आर, ०६०३’. प्रकार आधी, कारण यादी वर्णमालेनुसार लावली की सगळे कपॅसिटर एकत्र येतात. दशांश चिन्ह नाही, त्याच्या जागी अक्षर: ४.७ किलोओहम म्हणजे ४के७. ही पद्धत आयईसी ६००६२ या आंतरराष्ट्रीय मानकातच आहे. बारीक छपाईत टिंब उडून जातं, अक्षर उडत नाही. लांबीवरही डोळा ठेवला, कारण सॅपसारख्या खरेदी-साठ्याच्या प्रणालीत मालाच्या वर्णनाला ४०च अक्षरं मिळतात.

नियम चांगले होते, पण पाळले गेले नाहीत. स्वल्पविरामानंतर जागा सोडायची की नाही यावरच चौघांच्या चार तऱ्हा. मीही त्यात होते; रात्री उशिरा पार्ट घालताना भिंतीवरचा कागद कोण वाचतो!

तिसऱ्या महिन्यात पद्धत बदलली, आणि माझ्या मते जे काही साधलं ते इथून पुढे. वर्णन टाइप करणंच बंद केलं. टेबलमध्ये किंमत, व्होल्टेज, टॉलरन्स, पॅकेज असे वेगवेगळे रकाने, आणि त्यांना जोडून वर्णन तयार करणारा एक व्ह्यू, म्हणजे टेबलवरून आपोआप बनणारं टेबल. कीकॅड तो व्ह्यू वाचतो. साचा बदलावासा वाटला तर एक ओळ बदलायची, सातशे पार्टची वर्णनं एका झटक्यात बदलतात. डायइलेक्ट्रिक आणि पॅकेज हे रकाने तर ठरलेल्या यादीतूनच निवडायचे. याची गरज किती होती ते एकाच गोष्टीवरून कळलं: सीझीरोजी या डायइलेक्ट्रिकच्या नावात मधलं अक्षर शून्य असतं, आणि आमच्या जुन्या लायब्ररीत निम्म्या ठिकाणी इंग्रजी ओ होता. त्यातच काहींनी त्याच पार्टला एनपीझीरो म्हटलेलं, तिथेही तोच घोळ. एका डायइलेक्ट्रिकची चार नावं. शोधताना तुम्ही एक टाइप करणार, तीन हाती लागणार नाहीत, आणि मग ‘आपल्याकडे हा पार्ट नाहीच’ म्हणून पाचवा तयार करणार.

पॅकेजच्या रकान्याने सगळ्यात जास्त वाचवलं. ०६०३ म्हटलं की आपण इंची आकार धरतो, १.६ बाय ०.८ मिलिमीटर. पण मेट्रिकमध्येही ०६०३ आहे, आणि तो ०.६ बाय ०.३ मिलिमीटरचा, म्हणजे इंची ०२०१, तिळाहूनही लहान. कीकॅडच्या फूटप्रिंटच्या (बोर्डावर पार्ट बसायच्या जागेच्या) नावात दोन्ही आकडे असतात, हे त्यांनी फार शहाणपणाने केलंय. आम्हीही टेबलमध्ये दोन्ही ठेवले, वर्णनात फक्त इंची.

एक्सेलबद्दल काय बोलू? बीओएम त्यात उघडली की ०४०२ चं ४०२ होतं. ४.७ ओहमला ४ई७ लिहिणारे लोक असतात, त्यांचा रेझिस्टर एक्सेल चार कोटी करून टाकतो. उघडताना रकाना ‘टेक्स्ट’ म्हणून घ्यायचा, एवढाच उपाय; आणि ई हे अक्षर आम्ही कायमचं हद्दपार केलं.

पाचव्या महिन्यातला अपघात सांगायलाच हवा. करंट मोजायला १० मिलिओहमचा शंट, म्हणजे अगदी कमी ओहमचा रेझिस्टर, होता, २५१२ पॅकेजमध्ये. वर्णनात १० आणि पुढे लहान एम. खरेदीची प्रणाली आत येणारं प्रत्येक अक्षर कॅपिटल करते, हे आमच्यापैकी कुणाला माहीत नव्हतं. तिथे तो १० मेगाओहम झाला, आणि खरेदीतल्या ताईंनी इमानेइतबारे १० मेगाओहमची रील मागवली. पाच बोर्ड बसवून झाले, एकही चालू होईना. मी पॉवर सप्लायपासून तपासत आले, सगळं ठीक, आणि शंटच्या पुढे व्होल्टेजच नाही. मल्टिमीटर लावला तेव्हा कुठे उजेड पडला. ताईंना सांगितलं तर म्हणाल्या, “अगं, तूच लिहिलंस ते मी मागवलं.” बरोबरच होतं त्यांचं. तेव्हापासून मिलि नाही. शंटवर छापलेलं असतं तसंच आर०१० लिहितो. लहान-मोठ्या अक्षराने ज्याचा अर्थ बदलतो, असं काहीही वर्णनात नको.

आता जे जमलं नाही त्याबद्दल. वर्णन सारखं म्हणजे पार्ट सारखा, असा एक समज हळूहळू आमच्यात रुजला, आणि तो घातक आहे. १०यू, ६व्ही३, एक्स५आर, ०४०२ या वर्णनाचे दोन कंपन्यांचे कपॅसिटर घ्या. ३.३ व्होल्टचा डीसी पडला की दोघांचाही कपॅसिटन्स घसरतो, पण सारखा घसरत नाही. खरेदीने एकाच्या जागी दुसरा घेतला, वर्णन अक्षरशः तेच, आणि एका रेग्युलेटरच्या आउटपुटवर रिपल, म्हणजे व्होल्टेजची थरथर, वाढलं. त्यांचा दोष नव्हता, ‘पर्याय चालेल’ हे आमच्या वर्णनानेच त्यांना सांगितलं होतं. म्हणून आता मंजूर पार्ट नंबरांचा वेगळा रकाना आहे आणि खरेदी त्यावरूनच होते.

तांत्रिक तक्रारीही आहेत. डेटाबेसशी बोलायला प्रत्येक मशीनवर ओडीबीसी ड्रायव्हर, म्हणजे मधला दुभाषा प्रोग्राम, लागतो. एकाने ३२ बिटचा टाकला, कीकॅड ६४ बिटचं, आणि दोन दिवस ‘लायब्ररी दिसत नाही’ हा एकच धोशा. कीकॅडमधून डेटाबेसमध्ये काही लिहिता येत नाही, नवा पार्ट घालायला बाहेरचं साधन उघडावं लागतं. सवय झाली की याचा जाच कमी होतो, उलट घाईघाईत पार्ट घालण्याला आळा बसतो. खरा त्रास जुन्या बोर्डांचा. पार्ट स्कीमॅटिकमध्ये (सर्किटच्या आकृतीत) ठेवला की त्याची माहिती तिथे उतरवली जाते, मग लायब्ररीत काहीही बदला, जुन्या ड्रॉइंगला पत्ता नसतो. लायब्ररीतून सिम्बॉल अपडेट करा असा आदेश आहे, पण कोणते फील्ड बदलायचे याच्या खुणा नीट बघून करा. मी एकदा सगळ्या खुणा ठेवून दाबलं, आणि ठिकठिकाणी हाताने लिहिलेल्या सूचना पुसल्या गेल्या. आता चालू असलेले तीन बोर्ड सुधारले, बाकीचे जसे आहेत तसे सोडलेत.

रेझिस्टर, कपॅसिटर आणि इंडक्टरसाठी ही पद्धत मी डोळे मिटून सुचवेन. डायोड आणि ट्रान्झिस्टरलाही चालते. आयसीला साचा लावायचा हट्ट आम्ही सोडला. तिथे पार्ट नंबर आणि चार शब्दांत काम, पुरे.

कनेक्टर मात्र अजून हातचे राखलेत. पिन किती, ओळी किती, पिच (लागून असलेल्या पिनांमधलं अंतर, मिलिमीटरमध्ये), उभा की आडवा, कुलूप आहे का, नर की मादी, हे सगळं ४० अक्षरांत बसत नाही. शिवाय लोक जेएसटी कंपनीच्या एक्सएच मालिकेची पिच सर्रास २.५४ लिहितात, ती आहे २.५. दोन पिनांना चालून जातं. बारा पिनांच्या कनेक्टरला पहिल्या पिनेपासून शेवटच्या पिनेपर्यंत ०.४४ मिलिमीटर फरक पडतो आणि तो भोकांत बसत नाही, हे मला कागदावर गणित करायच्या आधी हातात कनेक्टर धरून कळलं. सध्या कनेक्टरच्या ३८ ओळी जुन्याच अवतारात आहेत. पुढच्या महिन्यात जो बोर्ड सुरू होतोय त्यात सतरा कनेक्टर आहेत, तेव्हा निदान पिचचा रकाना तरी त्याआधी भरायचाय.