डिंकेलबाख, चार्न्स-कूपर की दुभाजन? गुणोत्तराचं गणित कशाने सोडवावं

नाशिकमध्ये एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी उदाहरण शोधायचं म्हटलं की गाडी द्राक्षबागेवर येते, आणि तिथून "रुपयामागे किती सुटले?" या प्रश्नावर. अंशात उत्पन्न, छेदात खर्च.

समजा ठरलेला खर्च 4 लाख, औषधं-मजुरीचा बदलता खर्च क्ष लाख आणि उत्पन्न 6√क्ष लाख. (आकडे सोयीचे आहेत, निफाडकरांनी हसू नये.) 6√क्ष ÷ (क्ष+4) जास्तीत जास्त हवं. त्यासाठी शीर्षकातल्या तीन पद्धती: डिंकेलबाखची, दुभाजन आणि चार्न्स-कूपरची.

डिंकेलबाखने 1967 मध्ये सुचवलं की भागाकार सोडा, वजाबाकी धरा. क्ष=1 घेतला तर गुणोत्तर 1.2. आता 'अंश वजा 1.2 गुणिले छेद' सर्वांत मोठं कुठे होतं ते पाहा: क्ष=6.25 वर. तिथलं गुणोत्तर 1.463. तेच पुन्हा केलं की क्ष=4.2025 आणि गुणोत्तर 1.4995. खरं उत्तर क्ष=4, गुणोत्तर 1.5. दोन फेऱ्यांत एवढं जवळ! मात्र छेद धनच हवा, आणि प्रत्येक फेरीतली वजाबाकी खरोखर सर्वोच्च बिंदूपर्यंत सोडवायला हवी. मधल्याच एखाद्या टेकाडावर सॉल्व्हर (गणित सोडवणारं सॉफ्टवेअर) अडकला तर हमी गेली.

दुभाजन त्याहून भोळं. सर्वोच्च गुणोत्तर 1 ते 4 मध्ये आहे एवढं माहीत असेल तर मधल्या आकड्याला विचारायचं, "एवढं गुणोत्तर मिळेल का?" आणि अर्धा पट्टा टाकून द्यायचा. पट्टा 0.001 पेक्षा अरुंद व्हायला 12 फेऱ्या. कोड चुकणं अवघड, म्हणून डिंकेलबाखचं उत्तर पडताळायला मी हेच चालवतो.

चार्न्स-कूपर (1962) एका दमात सोडवतं. ट = 1/छेद आणि य = क्ष×ट धरा. आपलं गणित मग असं उरतं: 6√(य×ट) वाढवा, य+4ट 1 च्या आत ठेवा. य=1/2, ट=1/8, म्हणजे पुन्हा क्ष=4. अंश-छेद रेषीय असतील तर दुसरीकडे बघूच नका, साधं एलपी (लिनियर प्रोग्रामिंग, म्हणजे सगळं रेषीय असलेलं गणित) होतं. वक्र असतील तर अंश कॉन्केव्ह (घुमटासारखा) व ऋण नसलेला, छेद कॉन्व्हेक्स (वाटीसारखा) हवा, आणि नवं रूप सॉल्व्हरला पचेल असं मांडण्यातच दुपार जाते. म्हणून वक्र गणिताला माझं मत डिंकेलबाखला.

पण आधी गुणोत्तरच हवंय का, ते बागायतदाराला विचारा. निव्वळ नफा बघितला तर तो क्ष=9 वर 5 लाख होतो; क्ष=4 वर 4 लाखच. हातात पैसा कमी असलेला गुणोत्तर बघेल, बाकीचे नफा.

आणि दोन बागांच्या गुणोत्तरांची बेरीज वाढवायची असेल तर यातलं एकही जसंच्या तसं चालत नाही. त्यासाठी शेन आणि यू यांचं 2018 चं क्वाड्रॅटिक ट्रान्सफॉर्म ही पद्धत वापरतात, पण तिथेही सर्वोत्तम उत्तराची खात्री सहसा मिळत नाही.