771 रुपये वाचवायला गेले आणि 26,300 घालवून आले

आधीच सांगते, मी शाळेत गणित शिकवते. टक्केवारी, नफा-तोटा, सगळं. तेव्हा "शिकलेल्या बायकांनी तरी..." हे वाक्य मला घरात पुरेसं ऐकवून झालंय, इथे कोणी ऐकवू नये.

मैत्रीण दोन वर्षांपासून हैदराबादला आहे, मियापूरला. ये ये म्हणून मागे लागली होती. शुक्रवारी रात्री परभणीहून अजिंठा एक्स्प्रेसमध्ये बसले, शनिवारी सकाळी काचीगुड्याला उतरले. रविवारी संध्याकाळी त्याच गाडीने परत यायचं होतं. भाचीचं लग्न तोंडावर होतं आणि भिशीचे 25,000 हातात आले होते. हैदराबादहून मोती आणायचे आणि इकडे सोनाराकडून तिला तन्मणी करून द्यायचा, असं मनात होतं. शनिवारी दुपारी मैत्रिणीची ऑफिसची मीटिंग निघाली. मी म्हटलं, तू बस, मी जाऊन येते. मेट्रो मियापूरहून सरळ एमजीबीएसला, म्हणजे तिथल्या मोठ्या बसस्टँडला जाते, तिथून चारमिनार जवळच.

स्टेशनाबाहेर ऑटो केला. ॲपवर 70 दाखवत होतं, हा 40 म्हणाला. बसल्या बसल्या बहिणीला फोन लावला. मराठीत. लग्न, मोती, परभणी, सगळं त्या फोनवर बोलले. फोन ठेवला तसा तो म्हणतो, "ताई, परभनी के हैं क्या? मेरी नानी परभनी की है ना!"

ताई म्हणाला हो. आणि तिकडची बोली अशी की नक्को, हौ, कायकू, ऐकायला सगळं घरचंच वाटतं. आमचा मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, तेव्हा कोणाची तरी नानी परभणीची असणारच, असं मीच मनातल्या मनात त्याच्या वतीने ठरवून टाकलं. आता सगळ्यांना ओरडून सांगते, अनोळखी गावात ऑटोत बसून फोनवर आपलं गाव, आपलं काम आणि आपलं बजेट बोलू नका.

पुढचं तुम्हाला पाठ असेल. तो म्हणाला, पत्थरगट्टीत, म्हणजे चारमिनारजवळच्या मोत्यांच्या बाजारात, रस्ता खोदलाय, तिथे सगळा चिनी माल, माझ्या ओळखीचा कारखाना आहे, घेऊ नका नुसतं बघा. कमिशनचा धंदा कसा चालतो हे मला माहीत नव्हतं असं नाही. शाळेची सहल घेऊन दोनदा राजस्थानला गेलेय, तिथे असल्या चार ऑटोवाल्यांना मी हाकललंय. पण त्यातला कोणी मला ताई म्हणाला नव्हता.

एका गोष्टीवर मात्र मला अजून रात्री झोप लागत नाही. ऑटो दुकानासमोर थांबला. एक पोरगा वही घेऊन बाहेर आला, वाकून ऑटोच्या मागचा नंबर बघितला आणि वहीत लिहून घेतला. वर खाली आणखी नंबर होते, प्रत्येकापुढे वेळ. शेवटचा रकाना कोरा, तो कमिशनचा, नंतर भरायचा असणार. हे मी दोन हातांवरून, स्वच्छ डोळ्यांनी पाहिलं. आणि मनात काय आलं? की वा, सुरक्षेची व्यवस्था चांगली आहे! मी स्वतः हजेरीपट भरते हो रोज. मला वही वाचता येऊ नये?

आत चहा, पंखा, गादी. दुकानदाराने स्वतःच सुटा मोती हातात दिला आणि दातावर घासून बघा म्हणाला. खरा मोती दाताला किंचित कचकचतो, काच गुळगुळीत लागते, हे आजीने शिकवलेलं. तिची बसऱ्याच्या मोत्यांची नथ होती. घासला, कचकचला. मी खूश, परीक्षा पास. पण परीक्षा त्या एका मोत्याची झाली, डबीत जे गेलं त्याची नाही. दातावर घासायचं असेल तर जी सर घ्यायची तीच घासा, डबी बंद होईपर्यंत हात सोडू नका. तो माल बांधायला पडद्यामागे गेला की समजा गेला.

दोन पदरी सर आणि कुड्या, 38,000 वरून 21,500. नथ 4,200. वर "सर्टिफिकेट"चे 600, चकचकीत कार्ड, कोपऱ्यात चंदेरी स्टिकर. मोती "सेमी बसरा" म्हणे. अहो, बसरा म्हणजे आखातातला नैसर्गिक मोती, त्याचा व्यापार केव्हाच बसलाय. आज बाजारात बहुतेक माल चीनच्या गोड्या पाण्यातल्या शिंपल्यांचा, त्यात वाईट काहीच नाही. पण अर्धा बसरा असतो का कुठे? अर्धा आंबा, अर्धा फणस?

मग बिल. पक्कं हवं तर 3 टक्के जीएसटी, म्हणजे 25,700 वर 771 रुपये. मी तोंडी हिशोब करून दाखवला त्याला, ऐटीत. आणि म्हटलं, राहू द्या. मिळाली ती "एस्टिमेट" लिहिलेली चिठ्ठी, दुकानाचं नाव नाही, नंबर नाही. पैसे स्कॅन करून दिले, स्क्रीनवर दुकानाऐवजी कुठल्याशा माणसाचं नाव आलं. "मालिक का अकाउंट है." बरं.

रात्री मैत्रिणीच्या सासूबाईंनी डबी उघडली. एक मणी दातावर फिरवला, मग दुसरा. काही बोलल्या नाहीत, डबी सुनेकडे दिली आणि कुकर बघायला गेल्या. मैत्रिणीने सुईने भोकाजवळ खरवडलं तर वरचा पापुद्रा निघाला, आत काच. दोन मण्यांमध्ये गाठसुद्धा मारलेली नव्हती.

रविवारी दोघी गेलो. ती गल्ली शोधण्यात तास गेला. दुकानवाले म्हणे, डबी आमची नाही, पैसे आमच्या खात्यात नाहीत, कॅमेरा बंद आहे. माझी गाडी संध्याकाळी आहे हे त्यांना माहीत होतं, मीच चहा पिताना सांगितलं होतं.

पोलीस? पहिल्या ठाण्यात म्हणाले, ती गल्ली पलीकडच्या हद्दीत. पलीकडचे म्हणाले, "आप खुद गए, खुद पैसे दिए, इसमें चीटिंग क्या?" मी म्हटलं, 1 जुलै 2024 पासूनच्या नव्या कायद्यात, म्हणजे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये, हद्द कुठलीही असो तक्रार घ्यावी लागते. त्याने वर बघून विचारलं, "टीचर हैं क्या?" साधा अर्ज ठेवून घेतला, पोच मागितली तर शिक्का साहेबांच्या कपाटात आणि साहेब बंदोबस्तावर. इकडे आल्यावर इथल्या ठाण्यात तेच, घटना तिकडची. सायबरवाले विचारतात, लिंक आली होती का? ओटीपी दिला का? नाही? मग आमच्यात बसत नाही. बँकेत तो मुलगा मान वर न करता म्हणाला, पिन तुम्हीच टाकलाय ना मॅडम. म्हणजे चोराने पाकीट मारलं असतं तर निदान कुठल्या तरी फॉर्मात बसले असते. मी माझ्या हाताने दिले म्हणून माझा प्रश्न कुठल्याच टेबलाचा नाही! पाच टेबलं फिरले, पाचही ठिकाणी मला बसा म्हणायच्या आधी पुढचा पत्ता सांगितला.

ग्राहक आयोगात 2019 च्या कायद्याने आपल्या राहत्या जिल्ह्यातूनच तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंत फी नाही. 1915 वर फोन करा, हे मी शोधलं, कोणी सांगितलं नाही. पण अर्जात विरुद्ध पक्षाचं नाव आणि पत्ता लिहावा लागतो, आणि बिलासारखा पुरावा जोडावा लागतो. माझ्याकडे आहे एस्टिमेट. 771 रुपये.

दुकानाच्या पाटीचा फोटो आत जाण्याआधी काढा. मी काढला होता चारमिनारचा.

ह्यांना अजून 12,000 च सांगितलेत. आणि हे तर मैत्रिणीलाही सांगितलेलं नाही, की परत सोडताना ऑटोवाल्याने ठरल्याप्रमाणे 40 च मागितले. मी 50 ची नोट दिली, सुटे राहू द्या म्हटलं, आणि वर म्हणाले, नानीला माझा नमस्कार सांगा.